रेघ ओढली कुणी?

“कासवानं चाकाचे नट तसेच सोडले आणि...”

एवढंच माझ्या कानावर पडलं, पोरांनो. पुढचं भोंग्यानं खाल्लं. सोमवारचे पाच वाजले होते. ठाण्याचा सुटीचा भोंगा वाजला आणि माझ्या खालच्या फांदीवर बोलत बसलेले दोन होले भुर्रकन उडून गेले. वाक्य राहिलं तिथंच लोंबकळत.

आता अर्धं वाक्य घेऊन कुणाला चैन पडतं का? मला तरी नाही पडत. मी साळुंकी. करंजाच्या झाडावर माझं घरटं आणि झाडाखाली जंगलाचं गाडीदुरुस्तीचं ठाणं. शेजाऱ्यापाजाऱ्यांची चौकशी करणं हा काही गुन्हा नाही, शेजार म्हटला की ते आलंच. पण अर्धं ऐकायचं आणि उरलेलं पदरचं घालायचं हा गुन्हा आहे, आणि तो मी केला. मी मनाशी म्हटलं, कासवाचे डोळे सदा अर्धे मिटलेले, चाल ही अशी. पुढं काय असणार? “कासवानं चाकाचे नट तसेच सोडले आणि झोपलं!” बसलं की वाक्य बरोबर!

मी ते खारीला सांगितलं. खारीनं सशाला सांगितलं. ससा तर पळतच असतो, त्याला सांगायला काय वेळ लागतो?

ही गोष्ट सांगताना मला अजून राग येतो. थोडा स्वतःचा येतो आणि पुष्कळ दुसऱ्याचा येतो. दुसऱ्याचा का, ते ऐका.

पूर्वी या ठाण्याचा मुकादम एक म्हातारं अस्वल होतं. बोलणं कमी, हातात सदा पाना. त्याच्या काळात एक रीत होती. चाकाचा नट पक्का आवळला, की आवळणाऱ्यानं नटापासून चाकापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ मोडते, आणि गाडी चालवणाऱ्याला ते उभ्या उभ्या दिसतं. शिवाय ज्याचा त्याचा रंग वेगळा. कासवाचा लाल, माकडाचा पिवळा. कुठं लाल रेघ मोडलेली दिसली, की कासव आपणहून पाना घेऊन निघायचं. हाक मारावी लागत नसे. रंग म्हणजे सहीच होती हो! कासवाला लिहिता येत नव्हतं, पण आपल्या रेघेशेजारी उभं राहता येत होतं.

पुढं अस्वल थकलं आणि डोंगरावर लेकीकडं राहायला गेलं. त्याच्या जागी हत्तीणबाईंनी एक सांबर आणलं. हत्तीणबाई म्हणजे ठाण्याच्या प्रमुख. ठाणं त्यांनीच उभारलं, पण सगळ्या जंगलाचा कारभार अंगावर, त्यामुळं त्या फक्त शनिवारी यायच्या. आणि ते सांबर! काय ती शिंगं, काय ती मान, काय तो आवाज! “अस्सा पुढारी पाहिजे,” असं त्या दिवशी मीच पहिल्यांदा म्हणाले. खोटं कशाला बोलू?

पहिल्याच सकाळी नव्या मुकादमानं सगळ्या कामगारांना अंगणात उभं केलं.

“आजपासून लाल नाही, पिवळा नाही!” तो गरजला. “हे काय, एकाच चाकावर चार रंग? गाडी आहे की पोळ्याचा बैल? यापुढं सगळ्या रेघा पांढऱ्या. आपण एक कुटुंब आहोत. यश आलं तर सगळ्यांचं, चूक झाली तर तीही सगळ्यांची!”

टाळ्या पडल्या. माकडानं तर शेपटीनंसुद्धा वाजवली. कासव मात्र मान बाहेर काढून म्हणालं, “साहेब, चूक सगळ्यांची म्हणजे पाना कुणी उचलायचा?”

“कासवकाका,” मुकादम हसून म्हणाला, “प्रश्न विचारायचे नसतात, विश्वास ठेवायचा असतो.”

वा रे विश्वास! पण तेव्हा मलाही ते वाक्य फार आवडलं होतं. दोन दिवस मी पिल्लांना तेच ऐकवत होते.

आता त्या सोमवारचं सांगते. दुसऱ्या दिवशी मंगळवार, म्हणजे बाजाराचा दिवस. गाढवीणबाईचा टेम्पो सर्व्हिसिंगला आला होता. गाढवीणबाई मोठी मानी. “माझ्या आजीनं पाठीवर ओझी वाहिली, मी गियर टाकते,” असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. किल्ली देताना ती कासवाला म्हणाली, “काका, नीट बघा बरं का. उद्या कोंबड्या भरून न्यायच्या आहेत. ओढ्याचा उतार ठाऊक आहे ना तुम्हाला?”

“चाकाला मी हात लावतोय ना? जा तू निर्धास्त,” कासव म्हणालं.

कासवानं चाक चढवलं. चारही नट हातानं फिरवले, मग पाना घेऊन आवळायला बसलं. एक आवळला, रेघ ओढली. दुसरा आवळला, रेघ ओढली. तेवढ्यात फाटकातून बिबट्याची जीप आली आणि मुकादमाची मान, जी एरवी आभाळाला लागलेली असायची, ती एकदम जमिनीला लागली.

“या, या, बिबटेसाहेब! काय सेवा करू? आवाज येतोय होय पुढच्या चाकातून? आत्ता बघतो! ए कासवा! ऊठ, इकडं ये!”

कामगारांसमोर ‘काका’ आणि बिबट्यासमोर ‘ए कासवा’! तेव्हाच मला ओळखायला हवं होतं.

कासव टेम्पोखालून म्हणालं, “दोन बाकी आहेत, साहेब.”

“झालंच समज! ये लवकर!”

हे मी ऐकलं. माझ्या या दोन कानांनी, करंजाच्या फांदीवर बसून ऐकलं. पण मला काय वाटलं असेल, सांगा? त्या दुपारी माकडानं कुठूनशा काकड्या आणल्या होत्या. मला वाटलं, कासवाच्या वाट्याच्या दोन काकड्या बाकी आहेत आणि मुकादम म्हणतोय, मिळाल्याच समज. मी लगेच शेजारच्या घरट्यात जाऊन सांगून आले, “इतका मोठा मुकादम, पण दोन काकड्यांसाठी म्हाताऱ्याला ताटकळवतो!” ऐकणारे कान असून काय उपयोग, त्यांच्यामध्ये डोकं नसेल तर?

कासव पाना घेऊन जीपखाली शिरलं. ठाण्यात तेवढा एकच मोठा पाना होता. जीपचं काम लांबलं. इकडं माकड पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन रांगेतल्या गाड्यांवरून शेवटचा हात फिरवत गेलं. पाच वाजता गाढवीणबाई आली. चार नट, चार पांढऱ्या रेघा, सगळं जागच्या जागी. तिनं टेम्पो काढला. होले बोलले, भोंगा वाजला, आणि पुढचं मी केलं ते तुम्हाला सांगितलंच आहे.

त्याच वेळी मी नुसती खाली उतरून कासवाला विचारलं असतं, “काय हो, नट तसेच सोडलेत म्हणे?” तरी पुरलं असतं. घरट्यापासून ठाणं किती लांब? चार वेळा पंख हलवले की झालं. पण नाही. मी उडाले ते उलट्या दिशेला, खारीकडं.

मंगळवारी सकाळी ठाण्याच्या फाटकातून आधी एक चाक आलं. घरंगळत आलं, अंगणाच्या मधोमध गरगरलं आणि आडवं पडलं. मागून गाढवीणबाई आली, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेली.

“घ्या तुमचं चाक!” ती अशी ओरडली की माझी फांदी हलली. “लई घाई त्याला! ओढ्यावर माझ्या आधी पोचलं! मी वर ब्रेक दाबतेय आणि हे आपलं एकटंच चाललंय पुढं, लग्नाला निघाल्यासारखं!”

टेम्पो उतारावर कलंडला होता. कोंबड्या चिखलात पडल्या. बाकीच्या फडफडत उठल्या, पण एका तांबड्या कोंबडीचा पाय मोडला होता. ती बिचारी आयुष्यात पहिल्यांदाच बाजाराला निघाली होती.

सगळे चाकाभोवती जमले. चाकाच्या चारही भोकांशी लाल नाही, पिवळी नाही, पांढरी रेघ होती. तीही अर्धीच. उरलेली अर्धी नटांबरोबर ओढ्यात गेली होती. दोन सैल नट आधी गळाले आणि सगळा भार येऊन उरलेले दोनही निसटले.

“रेघ कुणी ओढली?” गाढवीणबाईनं विचारलं.

सगळे पांढऱ्या डब्याकडं बघायला लागले, जणू डब्यानंच उडी मारून रेघ ओढली होती.

मुकादम छाती काढून पुढं आला. “बाई, शांत व्हा. चूक करणाऱ्याला मी सोडणार नाही. या ठाण्यात चाकं कोण बसवतं? कासव. मग रेघही कासवाचीच. काल ते कामावर झोपलं होतं, हे तर अख्ख्या जंगलाला माहीत आहे!”

पोरांनो, माझ्या चोचीतला दाणा खाली पडला.

चूक सगळ्यांची, असं गरजणारा हाच ना? आणि चूक समोर येऊन आडवी पडली, तेव्हा ती एकट्या कासवाची झाली! आणि त्याच्या हातात दोर कुणी दिला? मी दिला. माझं वाक्य ससा, रानमांजर, मुंगूस असं फिरत फिरत चांगलं लठ्ठ होऊन घरी परत आलं होतं. गोगलगाय तर शपथेवर सांगत होती की कासवाचं घोरणं तिनं स्वतः ऐकलं. ती सोमवारी नदीपलीकडं होती. तिथून इथवर यायला तिला महिना लागतो!

मुकादमानं फर्मान काढलं : हत्तीणबाईंना निरोप धाडलाय, शनिवारची वाट न बघता त्या उद्याच येतील, आणि त्यांच्यासमोर कासवाला ठाण्यातून काढून टाकलं जाईल. वीस वर्षं कासवानं या अंगणात पाना धरला होता. त्याची पाठ बघाल तर ग्रीसनं काळी झालेली. त्या दुपारी त्यानं जेवणाला तोंड लावलं नाही. लाल रंगाचा आपला जुना, सुकलेला डबा घेऊन ते शेडच्या कोपऱ्यात बसलं होतं.

मी वरून बघत होते. वाक्य अर्धंच ऐकलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण खाली जाऊन बोलायचा धीर होईना. चुगली करायला जीभ लांब होते आणि चूक कबूल करायची म्हटली की टाळूला चिकटते.

बुधवारी सकाळी हत्तीणबाई आल्या. करंजाखाली बसल्या. मोडक्या पायाची कोंबडीही आली होती, गाढवीणबाईच्या पाठीवर बसून. पायाला काडी बांधलेली. हत्तीणबाईंनी सोंडेनं चाक उचललं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं,

“चाक कुणी बसवलं?”

“मी,” कासव म्हणालं.

“नट सैल कुणी सोडले?”

“मीच. चारातले दोन.”

एकच गलका झाला. मुकादम शिंगं हलवत म्हणाला, “ऐकलंत बाई? स्वतःच्या तोंडानं कबूल!”

“कबूल करणाऱ्याचं बोलणं संपू दे,” हत्तीणबाई म्हणाल्या. “हं, कासवकाका, बोला.”

“नट माझे, बाई. पण त्या दोन रेघा माझ्या नाहीत. न आवळलेल्या नटावर मी जन्मात रेघ ओढली नाही. मला बिबट्याच्या जीपखाली बोलावलं. मी मुकादमसाहेबांना म्हणालो, ‘दोन बाकी आहेत.’ ते म्हणाले, ‘झालंच समज.’”

“मला असं काही आठवत नाही,” मुकादम म्हणाला. “झोपेत असेल बोललेलं. हा झोपला होता, बाई. विचारा कुणालाही!”

“हो, हो, झोपलं होतं!” सगळे एकदम म्हणाले. ‘मी पाहिलं’ असं मात्र एकजणही म्हणालं नाही. नीट ऐका हं, एकजणही नाही.

आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. दोन बाकी आहेत. अगं बाई! ते नट होते, काकड्या नव्हत्या!

मी फांदी सोडली आणि सरळ चाकावर येऊन बसले.

“साळुंकीकाकू, तुम्ही मध्ये पडू नका,” मुकादम गुरकावला.

“मध्ये मी सोमवारीच पडले,” मी म्हणाले. “बाई, कासव झोपलं होतं हे मी पसरवलं. मी पाहिलं नव्हतं. होल्यांचं अर्धं वाक्य ऐकलं आणि पुढचं मनानं जोडलं. ते खोटं आहे. पण ‘दोन बाकी आहेत’ हे मी ऐकलं आहे, आणि यांचं ‘झालंच समज’ हेही ऐकलं आहे. मला वाटलं, काकड्यांचं बोलणं चाललंय.”

कुणीतरी खुदकन हसलं. गाढवीणबाई हसली नाही. ती म्हणाली, “काकू, तुमच्या काकड्यांपायी माझी कोंबडी लंगडी झाली.” मी मान खाली घातली.

तेवढ्यात मागून माकड पुढं आलं. नेहमी उड्या मारत यायचं, आज चालत आलं.

“रेघा मी ओढल्या,” ते म्हणालं.

कासवानं वळून पाहिलं. “तू? अरे, पण का रे बाबा?”

“काका, मुकादमसाहेबांचा हुकूम होता की एकही नट रेघेशिवाय दिसता कामा नये. शनिवारी बाई रेघा बघतात म्हणून. डबा हातात होता. दोन नटांवर रेघ नव्हती, मी ओढली. सैल आहेत की घट्ट, हात लावूनसुद्धा पाहिलं नाही.” माकडानं बोटावरचा सुकलेला पांढरा रंग खरवडला. “माझा पिवळा रंग असता ना, तर माझा हात धजला नसता. तुमच्या नटावर मी माझी सही कशी केली असती? पण पांढरा काय, कुणाचाच नव्हता.”

आता सगळ्यांचे डोळे मुकादमाकडं वळले. त्यानं घसा साफ केला.

“हे पाहा, घडलेली गोष्ट दुर्दैवी आहे. पण ही आपली सामूहिक जबाबदारी...”

“हा सामूहिक कोण?” गाढवीणबाईनं तोडलं. “मला त्याच्या घरचा पत्ता द्या. मी हे चाक नेऊन त्याच्या दारात टाकते!”

हत्तीणबाई उठल्या. मला वाटलं, आता या सांबराला सोंडेत धरून आपटतात. मला तेच हवं होतं, खरं सांगते! पण त्यांनी सोंड खाली केली आणि अंगणातल्या धुळीत एक लांब रेघ ओढली.

“पहिली रेघ माझी,” त्या म्हणाल्या. “शिंगं बघून मी मुकादम नेमला. दर शनिवारी आले, पांढऱ्या रेघा मोजल्या आणि खूश होऊन गेले. एकही नट हलवून पाहिला नाही. ही चूक माझी. आता पुढचं कोण?”

इतक्या मोठ्या हत्तीणबाई ‘चूक माझी’ म्हणाल्या आणि तरी त्या तसूभरही लहान झाल्या नाहीत. उलट आणखी मोठ्या दिसायला लागल्या.

माकडानं त्यांच्या रेघेशेजारी रेघ ओढली. “न बघता रंग लावला.”

कासव सरकत सरकत आलं. “काम अर्धं टाकून जायचं झालं, तर पाना त्या नटावरच अडकवून जायचं, ही अस्वलाची शिकवण. पान्यासकट गाडी कुणी बाहेर काढत नाही. मी पाना घेऊन गेलो. साहेबांना सांगितलं, म्हणजे मी सुटलो, असं धरून चाललो. गाढवीणबाईला ‘निर्धास्त जा’ मी म्हणालो होतो, साहेब नव्हते म्हणाले.” त्यानं रेघ ओढली आणि कोंबडीकडं बघत म्हणालं, “पोरी, तुझ्या पायाचं देणं माझ्याकडं लागतं.”

मीही चोचीनं एक ओढली. वाकडीतिकडी आली, पण माझीच होती.

चार रेघांनंतर जागा मोकळी होती. मुकादम त्या जागेकडं बघत उभा होता. मान वर करावी तर शिंगं फांदीत अडकत होती, खाली करावी तर रेघा दिसत होत्या. कोंबडीनंच शेवटी विचारलं, अगदी साधेपणानं, “साहेब, त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं का हो?”

“सांगितलं होतं,” मुकादम म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक असू शकतो, हे मला पहिल्यांदाच कळलं. “बिबट्यासमोर मला थांबायचं नव्हतं. मी म्हणालो, झालंच समज.” आणि त्यानं खुरानं रेघ ओढली.

मग हत्तीणबाईंनी निकाल दिला. सगळ्यांचे जुने रंग परत. पांढरा रंग यापुढं एकट्या मुकादमाचा. सगळ्यांच्या रेघा तपासून शेवटची पांढरी रेघ त्यानं स्वतः ओढायची. आणि मालकानं गाडी घरी नेण्याआधी ती ओढ्याच्या उतारावर नेऊन आणायची, मुकादमाला मागं बसवून. जिथं कोंबड्या बसतात तिथं. माकड आणि कासव यांनी पाय बरा होईपर्यंत कोंबडीला दाणापाणी घरपोच द्यायचं.

“आणि या ठाण्यात ‘समज’ हा शब्द आजपासून बंद,” त्या जाता जाता म्हणाल्या. “एक तर झालं म्हणायचं, नाही तर बाकी आहे म्हणायचं.”

गाढवीणबाईचं समाधान झालं नव्हतं. “चोर सोडून संन्याशाला फाशी देणार होते आणि चोराला काय, तर टेम्पोतून फेरी!” असं पुटपुटतच ती गेली. मलाही तेव्हा तसंच वाटलं. पण पुढच्या सोमवारी मी वरून जे पाहिलं ते सांगते.

टेम्पो दुरुस्त होऊन उभा होता. मुकादम चाकापाशी गुडघे टेकून बसला होता. शिंगांना ग्रीस लागलेलं.

“चारही आवळले, काका?”

“चारही.”

“नक्की?”

मागून माकड म्हणालं, “अहो साहेब, झालंच सम...”

“नाही!” मुकादम केवढ्यानं ओरडला. “झालं म्हण! झालं म्हण!” आणि कासवाच्या हातातून पाना घेऊन त्यानं चारही नट स्वतः ताणून पाहिले. मग टेम्पोत मागं जाऊन बसला. उतारावर टेम्पो वळला तसं त्यानं डोळे घट्ट मिटले. गाढवीणबाई मुद्दाम खड्ड्यातून घेत होती, मी पाहिलं आहे. परत आल्यावर खाली उतरला आणि कासवाला म्हणाला, “काका, चाक पक्कं आहे.” ‘काका’ म्हणाला, आणि बिबट्या फाटकात उभा असताना म्हणाला.

तांबडी कोंबडी आता चालते. पण लंगडत चालते. पाच जणांनी धुळीत रेघा ओढल्या, म्हणून तिचा पाय सरळ झाला नाही. ती करंजाखालून गेली की माझा राग पुन्हा वर येतो, आणि येऊ दे. तो राग मी जपून ठेवला आहे.

परवा ते दोन होले पुन्हा खालच्या फांदीवर येऊन बसले. मी सरळ खाली गेले आणि विचारलं, “काय रे, त्या सोमवारी तुम्ही काय म्हणत होता? कासवानं चाकाचे नट तसेच सोडले आणि... पुढं काय?”

होला म्हणाला, “आणि मुकादमाला सांगून गेलं. का हो काकू?”

“मग हे बुधवारी सगळ्यांसमोर का नाही बोललात?”

“आम्हाला कुणी विचारलंच नाही.”

म्हणजे नट सोडल्याचं खरं होतं. झोपल्याचं माझं होतं.

तात्पर्य : ज्या कामावर कुणाचीच खूण नसते, त्यातली चूक शेवटी सगळ्यात गरीब पाठीवर लादली जाते, म्हणून खरा पुढारी दुसऱ्याकडं बोट दाखवण्याआधी आपली रेघ ओढतो, आणि शहाणा शेजारी अर्धं ऐकलेलं खाली उतरून पुरं विचारतो.